लॉर्डसाहेबांची दिवंगत आई

रेव्हनसाइक, १२ फेब्रुवारी २०१४

डेस्मंड,

आई वारल्याची बातमी काल दुपारी कळली. मी, तुझा मेहुणा नॉर्मन, शेजारच्या टीजडेलबाई आणि स्वतः आई, आम्हा चौघांना एकदमच कळली. टीव्हीवर तूच सांगत होतास.

तुझं लॉर्ड्सच्या सभागृहातलं पहिलं भाषण म्हणून आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. केस बसवून घेतले. निळा स्वेटर काढायला लावला, तो इस्त्री करून आणला तर म्हणे, "बटणं पुस." एक्क्याण्णव वर्षांची बाई, टीव्हीत ती नाही, तू दिसणार, पण बटणं मी पुसली. टीजडेलबाई हॅमची सँडविचं घेऊन आल्या. गेली एकवीस वर्षं त्या तुझं नाव तोंडाने घेत नाहीत, पण आईसाठी आल्या आणि तुझा चेहरा दिसू नये म्हणून खुर्ची खिडकीकडे वळवून बसल्या.

मग तू उठलास. तांबड्या बाकांच्या मधोमध उभा राहिलास आणि काय तो आवाज लावलास! "सन्माननीय सभासदहो, संपाच्या त्या हिवाळ्यात, खाणकामगाराच्या घरात कोळशाचा खडा नसताना, माझी आई एडना थंडीने गेली. तिच्या गारठलेल्या हातांनी मला राजकारणात ढकललं."

आईच्या त्या हातात तेव्हा सँडविच होतं. ते तिने खाली ठेवलं. आम्ही तिघे तिच्याकडे बघायचं टाळत होतो. ती टीव्हीकडे बघत होती.

तुमच्याकडे म्हणे रिवाज आहे, पहिल्या भाषणात कुणी मध्ये बोलायचं नाही आणि नंतर उठेल त्याने कौतुक करायचं. केलं, सगळ्यांनी केलं. एक बिशप उठले आणि म्हणाले, लॉर्ड गार्बट यांच्या मातोश्री आज स्वर्गातून पाहत असतील. आई म्हणाली, "विचार गं त्याला, स्वर्गात टीव्हीच्या परवान्याचे पैसे कोण भरतं?"

टीजडेलबाई हसल्या, नॉर्मन हसला, मीही हसले. आई हसली नाही.

चौऱ्याऐंशीच्या संपाचा तो हिवाळा मलाही आठवतो, डेस्मंड. आई खाणकामगारांच्या क्लबच्या स्वयंपाकघरात अख्ख्या गावासाठी बटाटे सोलत होती. साधी शिंकसुद्धा आली नाही तिला. तू दोनदा वाढून घ्यायचास. लोक मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात असं ऐकलं होतं, तू जित्या बाईच्या टाळूवरचं खाल्लंस.

रात्री झोपवताना ती एवढंच म्हणाली, "बारीक झालाय का गं तो?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला लिही. जिथे मारलंस तिथेच जिवंत कर म्हणावं. त्याच जागी उभा राहा आणि सांग की माझी आई आहे. मी बघत बसेन."

तेवढंच हवंय तिला. माफी नको, भेट नको. एक वाक्य.

डोरीन


रेव्हनसाइक, ५ मार्च २०१४

डेस्मंड,

तुझं कार्ड मिळालं. जाड कागद, काळी किनार. "आपल्या सांत्वनपर संदेशाबद्दल लॉर्ड गार्बट ऑफ रेव्हनसाइक आपले मनःपूर्वक आभारी आहेत." खाली छापलेली सही.

तुझ्या कचेरीतल्या कुणा पोरीने माझ्या पत्राची पहिली ओळ वाचली, "आई वारल्याची बातमी", आणि पत्र सांत्वनाच्या गठ्ठ्यात टाकलं. म्हणजे गठ्ठा आहे! लोक तुला अजून पत्रं पाठवतात तर, आईच्या मरणाबद्दल. बरं चाललंय म्हणायचं.

आईने कार्ड मागून घेतलं आणि शेकोटीवरच्या फळीवर बापाच्या फोटोशेजारी लावलं. म्हणाली, "माझ्या मयताचं कार्ड आहे, राहू दे. किती जणांना बघायला मिळतं?"

आणि हे "ऑफ रेव्हनसाइक" काय आहे रे? लॉर्ड झालं की नावाला गाव जोडायचं असतं म्हणे. सर्रेच्या ज्या गावाने तुला सहा वेळा निवडून दिलं, त्याचं नाव घ्यायचं. आमचंच का घेतलंस? ब्याण्णवमध्ये तुला मंत्रिपद दिसलं, तू पक्ष सोडून सरकारच्या बाकावर जाऊन बसलास आणि दुसऱ्या वर्षी खाणी बंद करायच्या ठरावाला मत द्यायला होकाराच्या दारातून चालत गेलास. त्या यादीत रेव्हनसाइक तिसरं होतं. नॉर्मन तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता, त्याला परत काम मिळालं नाही. त्याच वर्षी आर्थरकाकांच्या मयताला तू काळा कोट घालून आलास, तेव्हा क्लबमध्ये काय झालं ते तुला लक्षात असेलच. कुणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी पाठ फिरवली, बायकांनीसुद्धा. तू पेला हातात धरून साठ पाठींकडे बघत उभा राहिलास. ती पाठ अजून तशीच आहे. गावाने तुला टाकलंय आणि तू गावाचं नाव उचलून नेलंस.

हे पत्र तरी स्वतः वाच. वर मुद्दाम लिहिलंय, "सांत्वनाचे नाही."

डोरीन


रेव्हनसाइक, २ एप्रिल २०१४

डेस्मंड,

चला, हाताने लिहिलेलं पत्र आलं. चार पानं! कागदावर वरती छापलेली तुझ्या लॉर्डपणाची नवीन ढालही बघितली. ढालीवर खाणीतला दिवा काढून घेतलायस. नॉर्मनने चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाला, "खाण बंद करताना आमचे दिवे परत घेतले ते इथे गेले होय."

तू लिहितोस की सत्त्याऐंशीच्या निवडणुकीआधी, तिकडे उमेदवार ठरवायच्या बैठकीत, तोंडातून ते सहज निघून गेलं. समोर बसलेली एक बाई रडली. ती रडली म्हणून तुला तिकीट मिळालं. मग पुढच्या सभेत सांगावं लागलं, मग त्याच्या पुढच्या. "एकदा गेलेल्या माणसाला परत आणता येत नाही, डोरीन." हे तू आईबद्दल लिहितोस, जी हे पत्र वाचून दाखवताना माझ्यासमोर पाय शेकत बसली होती!

खरं सांगू का, तिला ते आधीच माहीत होतं. तुझ्या त्या पहिल्या निवडणुकीचं पत्रक कुणीतरी तिकडून पाठवलं होतं. ती वाचून म्हणाली होती, "माझ्या मरणाने त्याला मतं मिळत असतील तर मिळू देत. पोरगा पुढे जाईल." सत्तावीस वर्षं ती तुझ्यासाठी गप्प मेलेली राहिली. तिला वाटायचं, निवडणुका संपल्या की तू तिला उठवशील. आता तू लॉर्ड झालास. आता मरेपर्यंत तुला कुणी काढू शकत नाही, कुणाचं मत लागत नाही. मग आता कशाला, हे तिला कळत नाहीये. मलाही कळत नाहीये.

पुढचं तुझं औदार्य. डेव्हनला समुद्रकाठी एक छान वृद्धाश्रम, दक्षिणेकडची खोली, बागेत फिरायला नर्स. अट एकच, तिने माहेरचं नाव लावायचं. मिस रॉब्सन. चाळीस वर्षं एका खाणकामगाराचे काळे कपडे धुतलेल्या बाईला तू कुमारिका करून समुद्राकडे तोंड करून बसवणार.

मी शब्दन् शब्द वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "खोली खरंच दक्षिणेकडची आहे का गं?" मोह झाला होता तिला, डेस्मंड. उन्हाचा नाही. तू म्हणतोस ते ऐकून तुझी सोय करून द्यायचा मोह.

मग तिने मान हलवली. "नको. माझं नाव एडना गार्बट. तुमच्या बापाच्या दगडावर त्याच्या नावाखाली जागा सोडलीय, तिथे मिस रॉब्सन कोरलं तर लोक म्हणतील ही कोण बाई ठेवली होती."

आणि मग पुन्हा तेच. "तो कधी बोलणार आहे, विचार."

डोरीन


रेव्हनसाइक, २० जून २०१४

डेसी,

या नावाने मी तुला कितीतरी वर्षांत हाक मारली नाही. आज मारते, कारण भीक मागतेय.

डॉक्टर म्हणाले आईचं हृदय थकलंय. पाय सुजलेत, रात्री बसून झोपते. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "शरद ऋतूपर्यंत थांब, डोरीन. एका समितीचं अध्यक्षपद ठरतंय. ते एकदा हातात आलं की मी निवेदन करतो, शब्द देतो." शब्द! आजचं मरण उद्यावर ढकलायला तुला जमतं, तुझा धंदाच तो. तिला जमणार नाही.

तुला माहीत आहे का ती काय करते? सभागृह भरतं त्या प्रत्येक दुपारी निळा स्वेटर घालून टीव्हीसमोर बसते. मासेमारीवरची चर्चा ऐकते, पेन्शनवरची ऐकते, कुठल्या तरी पुलाबद्दल म्हातारे तासभर बोलतात तेही ऐकते. तू मागच्या बाकावर बसलेला दिसलास की म्हणते, "गप्प! आता उठेल." तू उठत नाहीस. एकदा उठलास, तर तिने माझं मनगट धरलं, घट्ट. तू कोट सावरलास आणि बाहेर गेलास. ती म्हणाली, "लघवीला गेला असेल. येईल."

परवा टीजडेलबाईंनी तिला सरळच विचारलं, "एडना, त्याने जिवंत म्हटलं नाही म्हणून तू मेलीस थोडीच?" आई म्हणाली, "तू इथे बसून सांगतेस. तिथे बोललेलं सगळं लिहून ठेवतात गं. पुस्तकात छापलंय की मी मेले. शंभर वर्षांनी कुणी उघडलं तरी मी मेलेलीच. आणि मारलं कुणी, माझ्या पोरानं."

तुझ्या मनात काय आहे ते मी ओळखते. थांबलं तर ती आपोआप जाईल आणि सुंठीवाचून खोकला जाईल. असं असेल तर निदान मला तसं लिही, म्हणजे मी टीव्ही बंद करेन.

बाकी सगळं मी सोडलं, डेसी. नॉर्मनची खाण सोडली, तो दिवा सोडला. तू पुन्हा कधी आला नाहीस तरी चालेल. तिला एकदा उठून सांग. ते बाक तुला जन्मभरासाठी दिलंय, ते कुठे पळून जात नाही. ती जातेय.

डोरीन


रेव्हनसाइक, ९ ऑक्टोबर २०१४

डेस्मंड,

जूनच्या पत्राला उत्तर आलं नाही, तेव्हा मी समजले. आता रडगाणं नाही. कामाचं लिहिते.

आई बरी आहे. सूज उतरली. दुपारी खुर्चीत बसते, तेच चॅनल, तोच स्वेटर. तू टीजडेलबाईंना फोन केलास असं कळलं. त्या "डोरीनला विचार" म्हणाल्या आणि फोन आपटला. एकवीस वर्षांत गावातलं कुणी तुझ्याशी एवढं बोललं नव्हतं, तेव्हा जपून ठेव. चर्चच्या व्हिकरला फोन करून उपयोग नाही, तेही आता क्लबात आमच्यातच बसतात.

तर काम असं. एकवीस नोव्हेंबरला आईला ब्याण्णव पूर्ण होतील. इथल्या पेपरातली एक मुलगी, हुशार आहे, खाणकामगारांच्या विधवांवर लिहितेय. तिला गावातली सगळ्यात म्हातारी विधवा हवीय, वाढदिवसाचा केक, फोटो. तिने विचारलं, मुलंबाळं? मी म्हटलं, एक मुलगी इथे, एक मुलगा लंडनला असतो, काय करतो ते त्यालाच विचारू. अजून नाव सांगितलेलं नाही.

आता तूच ठरव. आईला जिवंत तू करायचंस की त्या पोरीने. तू आधी बोललास तर तो पश्चात्ताप होईल. तिने आधी छापलं तर तू पकडलेला चोर. एवढं राजकारण मलासुद्धा कळतं, शाळेच्या खानावळीत तीस वर्षं बटाटे वाढलेत मी, पोरांचं बघितलंय. पहिला रडतो त्याला कुणी मारत नाही.

आणि बोलशील तर नीट बोल. तिच्याशी बोल, सभागृहाशी नको. ती बघतेय असं समजून.

डोरीन


रेव्हनसाइक, शनिवार, २२ नोव्हेंबर २०१४
(आईच्या दाराला लावलेलं)

डेस्मंड,

दार ठोठावू नकोस. आत कुणी नाही. पत्र इथेच उभ्याउभ्या वाच. कॅमेरावाले मागे असतील तर त्यांना म्हण, जरा थांबा, पत्र आहे घरचं.

आधी तुझं कौतुक करते, रिवाजच आहे. मंगळवारचं तुझं निवेदन मी पाहिलं. फार सुंदर बोललास. आवाज कुठे कापायचा ते तुला कुणी शिकवायला नको. "मी या सभागृहाची दिशाभूल केली. माझी आई हयात आहे. शुक्रवारी तिला ब्याण्णव पूर्ण होतील. या क्षणी, रेव्हनसाइकमधल्या तिच्या खुर्चीत बसून ती मला पाहते आहे." मग मान वर केलीस आणि म्हणालास, "आई, मी शनिवारी घरी येतोय." ते बिशपसुद्धा डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी पेपरांनी लिहिलं, धाडस. एकाने तर लिहिलं, असा प्रामाणिकपणा राजकारणात उरला नाही. समितीही तुलाच मिळणार म्हणे. मी ओळखलंच होतं, तू यातूनही वरच येशील आणि सोबत कॅमेरे आणशील.

आई सत्तावीस ऑगस्टला गेली.

तुमचं सभागृह सुट्टीवर होतं. चॅनलवर जुन्याच चर्चा पुन्हा दाखवत होते. मी किती वेळा सांगितलं, आई, ते सगळे सुट्टीवर गेलेत, ऑक्टोबरपर्यंत कुणी बोलणार नाही. तिला पटेना. म्हणे, "तो बसलाय की तिथे, मागे, दिसतोय मला." तो तू फेब्रुवारीतला होतास. मी चहा टाकायला आत गेले आणि परत आले तेवढ्यात झालं. निळ्या स्वेटरमध्येच पुरली, बटणं मी पुसली.

ऑक्टोबरचं माझं पत्र खोटं होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. पेपरातली मुलगी मात्र खरी आहे. आत्ता ती रस्त्याच्या पलीकडे उभी असेल, लाल टोपी. तिला सगळं माहीत आहे. तिला कुठे जायचं ते मी सांगितलंय, तुझ्यामागून येईल.

तू विचारशील की अख्ख्या गावाने हे लपवलं कसं. कुणीही काही लपवलं नाही, डेस्मंड. चर्च भरून लोक आले होते, दिवसाढवळ्या, बँड लावून पुरली तिला. गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. तुला कुणी सांगितलं नाही एवढंच. तुझ्याशी आम्ही बोलत नाही, विसरलास का? तू ज्या गावाचा लॉर्ड आहेस त्या गावात तुझी आई मेली आणि तुला कळवेल असा एक माणूस तुला नव्हता.

ती जिवंत होती तेव्हा तू त्या जागी उभा राहून म्हणालास, मेली. ती मेली तेव्हा त्याच जागी उभा राहून म्हणालास, जिवंत आहे. एकाच बाईबद्दल, एकाच वर्षात, दोनदा. आता उठ तिसऱ्यांदा. बघू तुमचा रिवाज त्याला काय म्हणतो.

मंगळवारी मी टीव्ही आईच्या खोलीतच लावला होता, तिच्या खुर्चीशेजारी बसून. तू "आई" म्हणालास तेव्हा खुर्चीकडे बघितलं. नॉर्मन दारात उभा होता. म्हणाला, "झालं ना तुझं समाधान? आता पुरे, डोरीन." झालं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मग फार वेळ रडले. पण आधी बरं वाटलं.

आता इथून डावीकडे जा, क्लबावरून, चर्चच्या मागच्या फाटकाने. कॅमेरावाल्यांना सांग चिखल आहे, चांगले बूट खराब होतील. वाटेत लोक उभे असतील दोन्ही बाजूंना. नमस्कार करू नकोस, त्यांच्या पाठी असतील तुझ्याकडे.

बापाच्या दगडावर खाली नाव कोरून झालंय, एडना गार्बट. जन्माचं सालही झालं. मृत्यूची तारीख पाथरवटाला अजून दिलेली नाही, जागा मोकळी आहे. मी त्याला म्हटलं, आमचा भाऊ येतोय शनिवारी, लंडनला पुस्तकात छापलेलं असतं त्याच्याकडे, त्यालाच विचार. तो छिन्नी घेऊन तिथेच बसलाय.

सांग त्याला कुठली घालायची ते.

डोरीन